केरीसाहेबांचे प्रस्थान

मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहून द्यावे, असा संपादक मंडळींचा आग्रह झाला, तेव्हा प्रथम आम्ही संकोचलो. आमचे आयुष्य सरकारी टिपणे आणि मसुदे लिहिण्यात गेले. साहित्याच्या प्रांतात आमचा अधिकार नाही. तथापि एक विषय बरेच दिवस मनात घोळत होता. हावड्याहून लोकलगाडीने निघाले की अर्ध्यापाऊण तासात श्रीरामपूर येते. हुगळीच्या पश्चिम तीरावरील या गावात १८१८ साली स्थापन झालेले महाविद्यालय आजही उभे आहे. आपल्या मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली आणि कोश १८१० साली याच गावी छापला गेला. हे काम करणारे डॉ. विल्यम केरी यांनी महाराष्ट्राची भूमी कधी पाहिली नव्हती. आपल्यासारख्या घरापासून दूर येऊन स्थिरावलेल्या मंडळींनी या पुरुषाची ओळख करून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

त्यांनी बंगालमध्ये केलेल्या कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हांस विशेष सांगावयाचे आहे ते त्यापूर्वीच्या काही महिन्यांविषयी. परदेशी धर्मकार्यास निघण्याआधी त्यांच्या मनात, मित्रांत आणि घरात ज्या शंका उठल्या आणि त्यांचे निरसन ज्या रीतीने झाले, त्याविषयी.

विल्यम केरी यांचा जन्म इंग्लंडमधील नॉर्दॅम्प्टनशर परगण्यातील पॉलर्सपरी या खेड्यात १७ ऑगस्ट १७६१ रोजी झाला. वडील एडमंड हे विणकर. पुढे ते गावच्या शाळेचे मास्तर झाले. लहानपणी विल्यमना उन्हाचा फार त्रास होई. ऊन लागले की हातातोंडाची कातडी पोळून निघे. त्यामुळे शेतीचे काम जमेना आणि वडिलांनी त्यांना जोडे शिवण्याच्या कामावर उमेदवार म्हणून ठेवले. ज्या मुलास इंग्लंडचे ऊन सोसवत नव्हते, त्याने पुढे चाळीस वर्षे बंगालच्या उन्हात काढली, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

जोडे शिवता शिवता त्यांनी लॅटिन, ग्रीक, हिब्रू, डच आणि फ्रेंच या भाषा आत्मसात केल्या. १७८१ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, त्यांचा विवाह डोरोथी प्लॅकेट या मुलीशी झाला. ती वयाने त्यांच्याहून पाचसहा वर्षांनी मोठी होती. विवाहाच्या नोंदवहीत तिने सहीऐवजी फुली काढली. तोपर्यंत तिला अक्षरओळख नव्हती. पुढे केरी मोल्टन या गावी शाळामास्तर झाले आणि बॅप्टिस्ट पंथाचे उपदेशकही झाले. मिळकत तुटपुंजी असल्याने जोड्यांचे काम सुटले नाही. दोन मुली लहानपणीच गेल्या. फेलिक्स, विल्यम आणि पीटर हे तीन मुलगे राहिले.

याच काळात कॅप्टन कुक यांच्या सागरप्रवासाची वर्णने केरींच्या वाचनात आली. कामाच्या जागी भिंतीवर त्यांनी हाताने काढलेला जगाचा नकाशा लावला आणि निरनिराळ्या देशांची लोकसंख्या, धर्म व चालीरीती यांची माहिती ते त्यावर टिपून ठेवू लागले. या लोकांपर्यंत ख्रिस्ताची शिकवण पोहोचवणे हे आपल्या पंथाचे कर्तव्य आहे, असे त्यांच्या मनाने घेतले. त्या धर्मविचाराशी आपण सहमत व्हावे असे नाही. परंतु त्या विचारासाठी मनुष्य किती तयारीने उभा राहिला, हे पाहण्यास सहमतीची आवश्यकता नाही.

१७९२ साली त्यांनी एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यात जगातील देशांची कोष्टके आहेत; पण आम्हांस त्यातील दुसरा एक भाग महत्त्वाचा वाटतो. परदेशी धर्मकार्यास जाण्याविरुद्ध लोक ज्या शंका काढीत, त्या त्यांनी पाच कलमांत मांडल्या आणि एकेकीस उत्तर दिले. पहिली शंका अंतराची. होकायंत्राचा शोध लागल्यावर समुद्रापलीकडचा देश दूर म्हणण्यात अर्थ नाही, हे तिचे उत्तर. दुसरी, तेथील लोकांचे राहणीमान रानटी असल्याची. व्यापारी नफ्यासाठी त्याच लोकांत जाऊन राहतात, मग धर्मासाठी जाणाऱ्याने का कचरावे, असा त्यांचा प्रतिप्रश्न. तिसरी जिवाच्या धोक्याची. परक्यांवर होणारे हल्ले पुष्कळदा परक्यांनीच दिलेल्या त्रासातून उद्भवतात, असे त्यांचे मत. चौथी अन्नवस्त्राची; तेथील लोक खातात ते आपण खावे, सोबत शेतीची हत्यारे व बियाणे न्यावे आणि जमीन कसावी. पाचवी भाषेची, व्यापारी शिकतात त्याच रीतीने वर्षादोन वर्षांत कामापुरती भाषा येते, हा त्यांचा विश्वास.

आज अशाच सेवाकार्यासाठी चार आठवड्यांकरिता परदेशी जाऊन परत येणारे तरुण ख्रिस्ती मंडळींत पुष्कळ आहेत. निघण्याच्या आदल्या रात्री त्यांच्याही मनात बहुधा याच पाच शंका येत असतील. किंबहुना, बदलीचा हुकूम हाती पडल्यावर आमच्याही मनात याच आल्या होत्या. गाव किती लांब, माणसे कशी, प्रकृती टिकेल काय, खाण्याजेवण्याचे काय आणि मुलांच्या भाषेचे काय.

२ ऑक्टोबर १७९२ रोजी केटरिंग येथे एका विधवेच्या घरी थोडे उपदेशक जमले आणि त्यांनी या कार्यासाठी एक संस्था स्थापन केली. त्या दिवशी कबूल झालेली वर्गणी तेरा पौंड, दोन शिलिंग व सहा पेन्स इतकीच होती. पुढे जॉन थॉमस नावाचे एक डॉक्टर संस्थेस भेटले. ते बंगालमध्ये राहून आले होते. बंगाली जाणत होते. मनाने उदार, पण व्यवहारात कच्चे आणि कर्जात बुडालेले होते. जानेवारी १७९३ मध्ये केटरिंगच्या बैठकीत थॉमस यांच्यासोबत जाण्यास केरी तयार झाले. अँड्र्यू फुलर आणि इतर मित्रांनी मायदेशी राहून पैसा व पाठबळ पुरवावयाचे ठरले. खाणीत एकाने उतरावे आणि बाकीच्यांनी वर दोर धरून ठेवावा, तसा हा करार होता. फुलर यांनी १८१५ साली मृत्यू येईपर्यंत तो दोर सोडला नाही.

निर्णय झाला, पण तो घरी सांगावयाचा होता. वडिलांना मुलगा वेडा झाला असे वाटले. लेस्टर येथील ज्या मंडळीचे केरी त्या वेळी उपदेशक होते, ती हळहळली. डोरोथीबाईंनी तर स्पष्ट नकार दिला. त्या गरोदर होत्या. आपल्या परगण्याच्या आसपासच त्यांचे सारे आयुष्य गेले होते. पदरी तीन लहान मुले होती. फ्रान्सशी युद्ध जुंपले होते आणि समुद्रावर शत्रूच्या जहाजांचे भय होते. कंपनी सरकार धर्मप्रसारकांस परवाना देत नव्हते, म्हणजे जाणे बेकायदा होते. आणि ज्यांच्या भरवशावर जावयाचे त्या थॉमस यांच्यामागे सावकार लागले होते.

केरींच्या पुस्तकात पाच शंकांची उत्तरे होती. ही सहावी शंका त्यात नव्हती. आपल्या मनास पटलेली गोष्ट बरोबर येणाऱ्या माणसाच्या मनास पटली नाही तर काय करावे? केरींनी तोडगा काढला. थोरल्या फेलिक्सला बरोबर घेऊन आपण पुढे जावे, तेथे बस्तान बसवावे आणि मग परत येऊन कुटुंबास न्यावे. डोरोथीबाईंनी हे मान्य केले. एप्रिलमध्ये केरी, फेलिक्स आणि थॉमस कंपनीच्या ‘अर्ल ऑफ ऑक्सफर्ड’ या जहाजावर चढले.

आपल्याकडे पूर्वी मुहूर्तावर निघणे जमत नसले, तर तांदूळसुपारीची पुरचुंडी शेजारच्या घरी नेऊन ठेवीत. त्यास प्रस्थान ठेवणे म्हणत. देह घरी, पण प्रवास सुरू झालेला. केरींचे असेच झाले. युद्धामुळे जहाजांचा ताफा जमेपर्यंत वाट पाहणे भाग होते, म्हणून जहाज वाइट बेटाजवळ सहा आठवडे अडकून पडले. या मुक्कामातच, मे महिन्यात, डोरोथीबाई बाळंत झाल्या आणि मुलगा झाल्याची बातमी केरींस मिळाली. त्याचे नाव जेबेझ. पुढे परवान्यावाचून माणसे नेत असल्याचा बोभाटा झाला, कप्तान घाबरला आणि मेअखेरीस त्याने केरी, फेलिक्स आणि थॉमस यांना सामानासह किनाऱ्यावर उतरवले. ताफा त्यांच्या डोळ्यांदेखत निघून गेला.

दुसरा एखादा माणस असता, तर हा ईश्वरी संकेत समजून घरी बसला असता. केरी लंडनला गेले. थॉमस यांनी चौकशी करून एक डॅनिश जहाज शोधून काढले. डेन्मार्कच्या जहाजास कंपनीचा परवाना लागत नव्हता. जहाज पाचसहा दिवसांत निघणार होते. दोघे रात्रीचा प्रवास करून डोरोथीबाईंच्या गावी, पिडिंग्टन येथे, पोहोचले. केरींनी पुन्हा विनवले. त्यांनी पुन्हा नकार दिला. दोघे निरोप घेऊन निघालेही. वाटेत थॉमस यांना राहवेना. ते एकटे माघारी फिरले आणि त्यांनी डोरोथीबाईंस असे बजावले, की आज आला नाहीत तर जन्मभर पश्चात्ताप कराल. त्या घाबरल्या. धाकटी बहीण किटी सोबत येणार असेल तर येते, असे त्यांनी सांगितले आणि किटीही तयार झाली. काही तासांत चीजवस्तू विकली, उरली ती बांधली. जेमतेम महिन्याचे बाळ कडेवर घेऊन १३ जून १७९३ रोजी डोरोथीबाई डोव्हरहून जहाजावर चढल्या.

केरींच्या चरित्रांत हा प्रसंग बहुधा विजयाचा म्हणून येतो. आम्हांस तो वाचताना दर वेळी थांबावेसे वाटते. केरींच्या शंका अनेक वर्षांच्या वाचनाने, विचाराने आणि प्रार्थनेने शमल्या होत्या. डोरोथीबाईंची शंका एका सकाळी भीती घालून मोडली गेली. शमलेली शंका आणि मोडलेली शंका यांत मोठे अंतर असते.

पाच महिन्यांच्या अखंड प्रवासानंतर नोव्हेंबर १७९३ मध्ये ही मंडळी कलकत्त्यास उतरली. थोड्याच दिवसांत पैसे संपले. पुस्तकात दिलेल्या उत्तरांची परीक्षा येथे सुरू झाली. जमीन कसून पोट भरावे म्हणून केरी कुटुंबासह सुंदरबनात गेले. तेथे आमांशाने डोरोथीबाई आणि मुले हैराण झाली. मायदेशाहून वर्षभराहून अधिक काळ एकही पत्र आले नाही. १७९४ च्या मध्यास माल्ड्याच्या बाजूस मदनावटी येथे नीळ कारखान्याची व्यवस्था पाहण्याची नोकरी मिळाली आणि पोटाचा प्रश्न सुटला. त्याच वर्षी पाच वर्षांचा पीटर तापाने व आमांशाने गेला. परक्या धर्माच्या मुलाची तिरडी उचलण्यास व खड्डा खणण्यास गावात माणसे मिळेनात. ती मिळवताना बापाची जी स्थिती झाली असेल ती कल्पनेनेच जाणावी.

त्यानंतर डोरोथीबाईंचे मन ढळले. पतीविषयी नाना संशय त्यांना ग्रासू लागले. कधी त्या अनावर होत आणि त्यांना खोलीत बंद करून ठेवणे भाग पडे. हे एकदोन वर्षे नव्हे, तब्बल बारा वर्षे चालले. शेजारच्या खोलीत केरी पंडितांबरोबर भाषांतर करीत बसत आणि भिंतीपलीकडून पत्नीचा आक्रोश ऐकू येई. ८ डिसेंबर १८०७ रोजी श्रीरामपूर येथे त्या वारल्या. त्या इंग्लंडला परत गेल्या नाहीत.

इकडे १८०० सालच्या जानेवारीत केरी श्रीरामपुरास आले होते. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असल्याने कंपनीचा हात तेथे पोहोचत नव्हता. जोशुआ मार्शमन आणि विल्यम वॉर्ड हे सहकारी येऊन मिळाले, छापखाना उभा राहिला आणि पंचानन कर्मकार व त्यांचे जावई मनोहर या कुशल कारागिरांनी अनेक लिपींचे खिळे पाडले. १८०१ साली बंगाली नवा करार छापून झाला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम महाविद्यालयात केरींची बंगाली व संस्कृत शिकवण्यास नेमणूक झाली. एके काळी ज्यास परवान्यावाचून उतरवले होते, त्यालाच कंपनीने दरमहा पाचशे रुपये वेतन दिले. त्यातले स्वतःपुरते अल्प ठेवून बाकी ते संस्थेच्या कामी घालीत.

मराठीचा संबंध येथे येतो. दुसऱ्या मराठा युद्धाच्या सुमारास कंपनीस मराठी जाणणारे अंमलदार हवे झाले आणि ते शिकवण्याचे काम केरींकडे आले. वैजनाथ पंडित हे नागपूरकडचे गृहस्थ त्यांचे साहाय्यक होते. बंगालमध्ये मराठ्यांची ओळख होती ती नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्यांमुळे. बर्गी येतील म्हणून येथे मुलांना भय घालीत आणि कलकत्त्याच्या रक्षणासाठी १७४२ साली मराठ्यांविरुद्ध खंदकही खणला गेला होता. अशा प्रांतात बसून एका इंग्रज जोडेवाल्याने नागपूरच्या पंडिताकडून मराठी शिकावी आणि ती इतरांस शिकवावी, हा योग विलक्षणच म्हणावयाचा. १८०५ साली त्यांचे मराठी व्याकरण निघाले, १८१० साली कोश निघाला. कोशातील मराठी शब्द मोडीत छापले आहेत. पुढे १८१४ साली वैजनाथांची मराठी सिंहासनबत्तिशीही याच छापखान्यातून मोडी लिपीत बाहेर पडली. मराठी गद्य ग्रंथांच्या छपाईचा हा आरंभकाळ हुगळीकाठी गेला, हे आपल्यापैकी थोड्यांस ठाऊक असते.

या कामात उणिवा होत्या. केरींच्या मराठीवर नागपूरकडच्या बोलीची छाया होती. १८३१ साली मोल्सवर्थ यांचा कोश आल्यावर केरींचा कोश मागे पडला. मुंबईस १८१३ साली आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी बायबलचे मराठी भाषांतर नव्याने केले. १८१२ च्या मार्चमध्ये छापखान्यास आग लागून कागद, खिळे आणि अनेक वर्षांची हस्तलिखिते जळाली. केरींनी दुसऱ्याच दिवसापासून पुन्हा आरंभ केला. वर्षादोन वर्षांत भाषा येते, असे त्यांनी पुस्तकात लिहिले होते; प्रत्यक्षात जन्मभर ते भाषा शिकतच राहिले आणि स्वतःची भाषांतरे पुन:पुन्हा सुधारीत राहिले. सतीबंदीचा १८२९ सालचा कायदा बंगालीत उतरवण्याचे कामही त्यांनीच तत्परतेने केले. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपूर येथे त्यांचे देहावसान झाले. एकेचाळीस वर्षांत ते एकदाही मायदेशी गेले नाहीत.

या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? शंका आली म्हणजे श्रद्धा उणी पडली, असे केरींनी मानले नाही. त्यांनी शंका कागदावर मांडल्या, त्यांची उत्तरे शोधली आणि उत्तरे अपुरी ठरली तेव्हा कामातून ती पुरी केली. दूर देशी निघणाऱ्याने, मग तो धर्मकार्यास निघो वा नोकरीस, याहून चांगली तयारी कोणती करावी? पण त्याच चरित्राचे दुसरे अंगही तितकेच मोलाचे आहे. आपल्या शंका फिटल्या म्हणजे घरातल्या सर्वांच्या फिटल्या, असे धरून चालू नये. त्यांच्या शंकेस वेळ द्यावा, उत्तर द्यावे; आणि उत्तर नसेल तर निदान ती ऐकून घ्यावी.

आमच्या मंडळाचा पन्नास वर्षांचा इतिहास या स्मरणिकेत आला आहे. अध्यक्ष, कार्यवाह, गणेशोत्सव, नाटके यांची नोंद त्यात आहे आणि ती असावयासच हवी. मात्र आमच्या प्रत्येक बदलीच्या हुकमावर नाव आमचे होते आणि ट्रंका घरच्या मंडळींनी बांधल्या होत्या. परक्या बाजारात पहिल्या दिवशी खुणांनी भाजी घेणाऱ्या, कुळदैवताचा टाक उशाशी घेऊन रेल्वेत रात्र काढणाऱ्या, आणि नको वाटत असतानाही आलेल्या त्या स्त्रियांची नोंद कोणत्याही अहवालात नाही. आम्ही स्वतः आमच्या घरी हा प्रश्न कधी विचारला नव्हता. हा लेख लिहिताना परवा तो विचारला. उत्तर येण्यास थोडा वेळ लागला आणि ते आम्हांस अपेक्षित होते तसे नव्हते.

असो. वाचकांनी सवड काढून एकदा श्रीरामपुरास जावे. महाविद्यालय पाहावे, केरींच्या समाधीपाशी उभे राहावे. आणि तेथे असताना त्याच मातीत विसावलेल्या डोरोथीबाईंचेही स्मरण करावे, एवढीच विनंती.